तांब्याच्या कळशीची चॉकलेटमधील प्रतिकृती: घरचा साचा कसा करावा

प्रश्न: माझ्या सासऱ्यांचे नाशिकच्या भांडी बाजारात तांब्या-पितळेचे काम होते. एप्रिलच्या अखेरीस त्यांचा पंचाहत्तरावा वाढदिवस आहे आणि त्यांनी स्वतः मठारलेल्या, म्हणजे हातोडीने ठोकून ठसे उठवलेल्या, एका लहान कळशीची हुबेहूब प्रतिकृती मला चॉकलेटमध्ये करायची आहे. कळशीला तूप लावून प्लॅस्टर ऑफ पॅरिसचा साचा केला, पण चॉकलेट चिकटले, तुकड्यांत निघाले आणि त्यावर पांढरे डाग पडले. हार्डवेअरच्या दुकानात मिळणाऱ्या सिलिकॉनच्या नळीने साचा करता येईल का? चॉकलेट कोणते घ्यावे?

उत्तर: नळीतील सिलिकॉन वापरू नका, हे आधीच सांगून टाकते, कारणे पुढे येतील. तुमची कल्पना मात्र उत्तम आहे, आणि कळशी ही वस्तूही चॉकलेटला मानवणारी आहे. गोल पोट, एकही टोकदार अवयव नाही, आणि मठारकामाचे चपटे ठसे चॉकलेटवर इतके सुरेख उमटतात की वरून नक्षी करण्याची गरज उरत नाही. मी गेली सोळा वर्षे नाशिकमध्ये हे काम करते आणि शिकवते. नवशिक्यांच्या फसलेल्या बहुतेक प्रयोगांत दोष चॉकलेटचा नसतो, साच्याचा असतो, असे माझे मत झाले आहे. चॉकलेट साच्यात जाते कसे याचा विचार सगळे करतात; ते साच्यातून बाहेर कसे येणार, याचा विचार साचा करण्यापूर्वी करावा लागतो.

तुमचा पहिला प्रयत्न का फसला ते आधी पाहू. वाळलेले प्लॅस्टर सच्छिद्र असते. ते चॉकलेटमधील स्निग्धांश शोषून घेते आणि स्वतःतील ओल चॉकलेटला देते. तूप लावल्याने ही छिद्रे बुजत नाहीत. उलट तुपाचा थर चॉकलेटमध्ये मिसळून पृष्ठभाग मऊ आणि मळकट करतो. शिवाय प्लॅस्टर लवचीक नसते. कळशीचा गळा पोटापेक्षा अरुंद आहे आणि काठ बाहेर वळलेला आहे, त्यामुळे ताठ साच्यात ती अडकणारच. पांढऱ्या डागांची कारणे दोन असू शकतात. चॉकलेट नीट टेम्पर झाले नसेल, म्हणजे ठरावीक तापमानांतून नेऊन जमवलेले नसेल, तर कोको बटर वर येऊन राखाडी पट्टे पडतात. ओल लागली असेल तर साखर विरघळून पुन्हा पृष्ठभागावर खरखरीत जमते. बोट फिरवल्यावर डाग वितळून नाहीसा झाला तर तो स्निग्धांशाचा, आणि खरखर तशीच राहिली तर साखरेचा. प्लॅस्टरची भुकटी लागली असण्याचीही शक्यता आहे, म्हणून ते तुकडे कृपया कोणाला खायला देऊ नका.

आता सिलिकॉन. नळीत मिळणारे सिलिकॉन खिडक्या आणि बेसिनच्या फटी बुजवण्यासाठी असते. ते वाळताना येणारा व्हिनेगरसारखा वास अॅसिटिक आम्लाचा असतो, आणि न्हाणीघरासाठीच्या प्रकारात बुरशी रोखणारी द्रव्येही घातलेली असतात. ते कॉर्नफ्लोअरमध्ये मळून साचा करण्याची युक्ती मेणबत्त्यांसाठी चालेल, खाण्याच्या वस्तूसाठी नाही. आपल्याकडचे मूर्तिकार वापरतात त्या रबरी साच्याचेही तसेच आहे, कारण त्या लॅटेक्समध्ये अमोनिया आणि गंधकयुक्त द्रव्ये असतात. मूर्तिकाराकडून शिकण्यासारखे एकच आहे आणि ते मोलाचे आहे: लवचीक साच्याला बाहेरून प्लॅस्टरचे ताठ कवच कसे द्यावे आणि जोड कोठे घ्यावा.

तुम्हाला हवे ते प्लॅटिनम पद्धतीने घट्ट होणारे, खाद्यपदार्थांसाठी प्रमाणित, दोन भागांत मिळणारे सिलिकॉन. दुसरा प्रकार कथिलाच्या संयुगाने घट्ट होतो. तो स्वस्त असतो, पण अन्नासाठी नसतो. काही वर्षांपूर्वी एका विक्रेत्याने मला हा दुसरा प्रकार खाद्यप्रमाणित म्हणून दिला होता. साचा तयार झाल्यावर त्याचा वास जाईना, तेव्हा पत्रक मागवले आणि दोन किलो माल टाकून द्यावा लागला. ओळखण्याची एक खूण सांगते. प्लॅटिनम प्रकारातील दोन भाग बहुधा समप्रमाणात मिसळायचे असतात. मोठ्या डब्यासोबत छोटीशी बाटली देऊन शेकडा दोन ते पाच भाग घाला असे सांगितले, तर तो माल बहुधा कथिलाचा असतो. ही केवळ खूण आहे. खात्री उत्पादकाच्या तांत्रिक पत्रकावरूनच करावी. कडकपणा शोअर ए मापावर १५ ते २५ असावा. त्याहून मऊ साचा ताणून फाटतो आणि त्याहून ताठ साचा गळ्यावरून सोलताना चॉकलेट मोडतो.

प्लॅटिनम सिलिकॉनचे एक पथ्य मात्र कडक आहे. गंधक, कथिलाची संयुगे आणि काही अमाइन यांचा संपर्क आला की ते घट्टच होत नाही, त्या जागी चिकट राहते. त्यामुळे गंधक असलेली खेळण्यातील तेलकट माती आणि लॅटेक्सचे हातमोजे दोन्ही टाळावेत. नायट्राइलचे मोजे घ्यावेत. कळशीला आतून कल्हई असेल तर काठावर एक थेंब लावून रात्रभर ठेवून पाहावा. चिंच-मिठाने किंवा भांड्याच्या पावडरीने घासलेली कळशी चार-पाच वेळा स्वच्छ धुऊन पूर्ण कोरडी करावी. घासायची की नाही, हा निर्णयही विचाराने घ्यावा, कारण सिलिकॉन पृष्ठभागाची तंतोतंत नक्कल करते आणि चॉकलेट सिलिकॉनची. कळशी चकचकीत असेल तर चॉकलेटवर चमक येईल, आणि डाग खडबडीत असेल तर तोही उमटेल. हिरवा गंज मात्र पूर्ण काढलाच पाहिजे.

साच्याची रचना मी उभ्या दोन अर्ध्या भागांची सुचवते. अखंड कळशी एकदम ओतण्याच्या भानगडीत पडू नका. दोन पोकळ अर्धकवचे वेगवेगळी काढून मग जोडली की आत गाभा लागत नाही आणि प्रत्येक कवच नजरेसमोर तयार होते. आपल्याकडे गुढीपाडव्याच्या गाठींचे लाकडी साचे ज्यांनी पाहिले असतील, त्यांना साच्यात ओतणे आणि साच्यातून सोडवणे ही दोन वेगळी कामे आहेत, हे समजावून सांगावे लागत नाही. गंमत अशी की एकोणिसाव्या शतकात पॅरिस आणि ड्रेस्डेनमध्ये पोकळ चॉकलेटसाठी जे पत्र्याचे साचे बनत, त्यांवरही कथिलाचा मुलामा असे, म्हणजे आपली कल्हईच. तुमच्या सासऱ्यांना हे जरूर सांगा.

सगळी कळशी खोक्यात ठेवून वरून सिलिकॉन ओतणे सोपे वाटते, पण हिशेब करून पाहा. कळशीच्या पोटाचा व्यास १८ सेंटिमीटर धरला तर तिच्याभोवतीच्या खोक्यात आठ लिटरच्या आसपास सिलिकॉन लागेल. त्याऐवजी पृष्ठभागावर आठ मिलिमीटरचा थर दिला तर ८०० ते ९०० मिलिलिटरमध्ये भागते, म्हणजे साधारण एक किलो. फरक थेट खिशात दिसतो, आणि पातळ थराचा साचा सोलताही सहज येतो.

कृती अशी. कळशीच्या तोंडात शाडूची माती दाबून भरा आणि वळलेल्या काठाची आतली पोकळीही मातीने बुजवा, नाहीतर सिलिकॉन तेथे शिरून बसेल. कळशी आडवी ठेवून निम्म्यापर्यंत शाडूत रुतवा. मातीचा पृष्ठभाग कळशीला काटकोनात आणि गुळगुळीत असावा, कारण तोच पुढे जोडाचा काठ होणार आहे. मातीत बोटाने पाच-सहा खळगे करा, म्हणजे दोन्ही भाग पुढे एकमेकांत नेमके बसतील. सिलिकॉनचे दोन्ही भाग वजनाने मोजून, भांड्याच्या कडा खरवडत तीन मिनिटे मिसळा. पहिला थर मऊ ब्रशने अगदी पातळ लावा, कारण मठारकामाच्या खोलगट ठशांत हवा अडकते. तो चिकटसर झाला की दुसरा, मग तिसरा. साधारण २५ अंशांना हे चार ते सहा तासांत घट्ट होते. थंडीत वेळ लागतो, एप्रिलमध्ये उलट घाई करावी लागेल. त्यावर प्लॅस्टरमध्ये भिजवलेल्या काथ्याचे दोन सेंटिमीटर जाडीचे कवच चढवा. ते घट्ट झाल्यावर सगळे उलटे करा, माती काढा, उघड्या सिलिकॉनच्या काठावर व्हॅसलीनचा पातळ हात फिरवा आणि दुसरी बाजू तशीच करा. व्हॅसलीन विसरलात तर दोन्ही अर्धे कायमचे एक होतील, कारण सिलिकॉन धातूला चिकटत नाही पण सिलिकॉनला चिकटते.

प्लॅस्टरचे कवच निदान तीन दिवस उन्हात वाळवा. सिलिकॉन मात्र कवचातून काढून उत्पादकाने सांगितलेल्या तापमानाला, बहुधा १०० अंशांच्या आसपास, ओव्हनमध्ये भाजून घ्या, म्हणजे उरलासुरला वास जातो. नंतर कोमट पाणी आणि सौम्य साबणाने धुवा. घासणी लावू नका, ओरखडा गेला की तो प्रत्येक कळशीवर दिसेल.

चॉकलेटच्या बाबतीत बाजारात दोन जाती आहेत. पहिलीत स्निग्धांश कोको बटरचा असतो. मोठ्या कामासाठी तिच्यातील कुव्हर्चर घ्यावे, ज्यात कोको बटर किमान ३१ टक्के असते आणि जे ओतायला प्रवाही असते. दुसरी कंपाउंड, जिच्यात वनस्पतीजन्य स्निग्धांश असतो. तिला टेम्परिंग लागत नाही, फक्त वितळवून ओतायची. कंपाउंडला नाके मुरडणारे पुष्कळ आहेत, पण नाशिकच्या एप्रिलमध्ये, पहिल्याच मोठ्या कामाला ते वापरण्यात मला काही गैर वाटत नाही. चव मात्र मेणचट असते, आणि पंचाहत्तरीच्या वडीलधाऱ्यांना ती आवडेल असे नाही. माझा सल्ला: एक तालीम कंपाउंडमध्ये करा आणि खरी कळशी ५५ टक्क्यांच्या जवळपासच्या डार्क कुव्हर्चरमध्ये. दोन्ही कधीही एकत्र वितळवू नका. हे दोन स्निग्धांश एकमेकांत मिसळले की दोघांचाही कडकपणा जातो, कळशी हाताला मऊ लागते आणि आठवड्यात पांढरी पडते.

टेम्परिंगचे कारण समजले की आकडे पाठ करावे लागत नाहीत. कोको बटरचे स्फटिक सहा प्रकारे जमू शकतात. त्यांतील पाचवा प्रकार आपल्याला हवा असतो. तो ३३-३४ अंशांना वितळतो, चमकतो, टणत्कार करून मोडतो आणि जमताना किंचित आकसून साचा सोडतो. डार्क चॉकलेट ४५ ते ५० अंशांपर्यंत नेऊन सगळे जुने स्फटिक वितळवायचे, मग २७-२८ पर्यंत उतरवायचे आणि पुन्हा ३१-३२ वर आणायचे, म्हणजे कमकुवत स्फटिक वितळून चांगले उरतात. घरी बीजपद्धत सोयीची: दोन तृतीयांश चॉकलेट वितळवा, उरलेला एक तृतीयांश भाग बारीक चिरून ढवळत ढवळत त्यात घाला आणि ३१-३२ वर थांबा. डिजिटल थर्मामीटरशिवाय हे काम करू नका, अंदाजाने तर नाहीच. चाकूचे टोक बुडवून बाजूला ठेवा. २० अंशांच्या खोलीत पाच मिनिटांत ते चमकदार घट्ट झाले तर जमले. पाण्याचा एक थेंबही पातेल्यात जाऊ देऊ नका, डबल बॉयलरची, म्हणजे खालच्या भांड्यातील गरम पाण्याची, वाफसुद्धा नाही. एवढ्याशा ओलीने सगळे चॉकलेट गोळा होऊन बसते.

किती चॉकलेट लागेल, हेही मोजून घ्या. चॉकलेटची घनता पाण्याच्या सुमारे १.३ पट असते. १८ सेंटिमीटरचे पोट भरीव ओतले तर जवळजवळ चार किलो लागेल. सात मिलिमीटरच्या पोकळ कवचाला सव्वानऊशे ग्रॅम पुरतात. कळशीखालच्या बैठकीसाठी २० सेंटिमीटर व्यासाची, बारा मिलिमीटर जाडीची चकती अर्ध्या किलोची होईल. जोडकाम आणि गळती धरून सव्वादोन किलो जवळ ठेवा. भरीव ओतण्याचा मोह टाळण्यामागे केवळ खर्चाचे कारण नाही. चॉकलेट जमताना उष्णता बाहेर टाकते. जाड गोळ्यात ती आतच कोंडते आणि मधले चॉकलेट टेम्पर गमावते. सुरुवातीच्या वर्षांत मी एका लग्नासाठी तीन किलोचा भरीव शंख केला होता. बाहेरून आरशासारखा दिसणारा तो शंख गंगापूर रोडवरच्या कार्यालयात पोचेपर्यंत मधोमध तडकला आणि आत राखाडी नक्षी निघाली. त्यानंतर मी हाताच्या मुठीहून मोठे काहीही भरीव केलेले नाही.

खोली १८ ते २२ अंशांची हवी. एप्रिलच्या अखेरीस आपल्याकडे दुपारचा पारा ३८ ते ४० ला असतो, त्यामुळे एसीची खोली, पंखा बंद, आणि काम शक्यतो पहाटे. साचा कोरडा करून कापसाने आतून हलकेच पुसा. तांब्याचा रंग हवा असेल तर खाद्य तांबूस चमकपूड कोरड्या ब्रशने साच्यालाच लावा. डबीवर खाण्यायोग्य असे स्पष्ट लिहिलेले आणि एफएसएसएआयचा परवाना क्रमांक असलेलीच पूड घ्या. नुसते बिनविषारी लिहिलेली शोभेसाठी असते. मी स्वतः सगळी कळशी रंगवत नाही. चॉकलेट साच्यातून काढल्यावर फक्त मठारकामाच्या उंचवट्यांवर पूड फिरवते, म्हणजे जुन्या वापरातल्या तांब्यासारखा रंग दिसतो.

पहिला थर ब्रशने, ठशांत दाबून. तो चामड्यासारखा झाला, म्हणजे बोट लागत नाही पण कडकही नाही, की चॉकलेट ओतून साचा हळूहळू फिरवा आणि जास्तीचे पातेल्यात उलटा. असे आणखी दोनदा. थर पूर्ण कडक होईपर्यंत थांबलात तर पुढचा थर त्याला धरत नाही आणि कांद्याच्या पापुद्र्यांसारखे सुटते. गळा आणि जोडाचा काठ थोडा जाड ठेवा. काठ रुंद पात्याने एका रेषेत खरवडून घ्या. सिलिकॉन उष्णता हळू सोडते, म्हणून शेवटच्या थरानंतर साचा १०-१२ अंशांच्या फ्रिजमध्ये पंधरा-वीस मिनिटे ठेवावा आणि नंतर खोलीत निदान पाच-सहा तास. यापेक्षा जास्त वेळ फ्रिजमध्ये ठेवलेली वस्तू बाहेर काढताच तिला घाम फुटतो, आणि तुमचे साखरेचे डाग पुन्हा येतात.

काढताना आधी प्लॅस्टरचे कवच बाजूला करा, मग सिलिकॉन काठापासून चॉकलेटवरून सोलत जा. चॉकलेट ओढू नका. हातात सुती मोजे असावेत. बोटांचे ठसे जात नाहीत. जोडण्यासाठी स्टीलची उलटी थाळी किंचित कोमट करून दोन्ही काठ तिच्यावर दोन सेकंद टेकवा, आत बेदाणे किंवा सासऱ्यांच्या आवडीचे कोरडे काही भरायचे ते भरा, टेम्पर केलेल्या चॉकलेटची बारीक धार काठावर सोडा आणि दोन्ही अर्धे जुळवून दहा मिनिटे धरून ठेवा. जोडाची रेघ लपवण्याची माझी युक्ती अशी की रेघेवर थोडे चॉकलेट लावून, ते निमकडक असताना चमच्याची कोमट पाठ शेजारच्या ठशांच्या मापाने हलकेच दाबत जायचे. रेघ मठारकामातच मिसळते. यासाठी लहानमोठे तीन-चार चमचे जवळ ठेवा, आणि तालमीच्या कळशीवर हात बसवून घ्या.

कळशी बैठकीवर चॉकलेटनेच चिकटवा आणि थर्माकोलच्या खोक्यात, आवळून न धरता, तळाला ओली नसलेली रबरी चटई घालून न्या. गाडीचा एसी निघण्याच्या पंधरा मिनिटे आधी सुरू करा आणि खोके डिकीत नव्हे तर मागच्या बैठकीच्या पायाशी ठेवा. गतिरोधकाचा धक्का तेथे कमी लागतो आणि ऊनही येत नाही. समारंभाच्या जागी ती दिव्यांखाली मांडू नका, आणि मंडळी जमेपर्यंत झाकूनच ठेवा. फोडायच्या वेळी सासऱ्यांच्या हाती त्यांचीच लाकडी मोगरी द्या, स्वच्छ कापड गुंडाळून. घाव पोटाच्या रुंद भागावर घालावा. गळ्यावर घातला तर काठाचे तुकडे लांब उडतात आणि आतले बेदाणे तसेच कोंडून राहतात.